पुढच्या डब्यापर्यंत

हळदीकुंकवाला ओटीत आलेला ब्लाउज पीस कुणी शिवत नाही. तो कपाटाच्या वरच्या कप्प्यात जातो आणि पुढच्या चैत्रात दुसऱ्या कुणाच्या तरी ओटीत पडतो. पन्ना कमी, रंग असा की कुठल्या साडीवर जाईल ते देव जाणे, पण घडी मोडलेली नसते, म्हणून तो फिरत राहतो. आईकडे एकदा एक पोपटी पीस आला, त्याच्या घडीत तिनेच कधीतरी खोचलेली सेफ्टी पिन होती. मधल्या काळात तो किती घरं हिंडून आला हे कळायला काही मार्ग नव्हता. त्याच्यावर एखादा नंबर असता आणि घेताना-देताना प्रत्येकीने कुठेतरी टिपून ठेवला असता, तर सदाशिव पेठ, सहकारनगर, डोंबिवली आणि परत सदाशिव पेठ असा सगळा प्रवास नकाशावर दिसला असता.

जिओकॅशिंग म्हणजे कुणीतरी लपवलेले डबे जीपीएसच्या आधाराने शोधायचा खेळ. त्यातली ट्रॅकेबल मंडळी, म्हणजे डब्याडब्यांतून प्रवास करणाऱ्या वस्तू, नेमकी अशी नंबर घेऊन हिंडतात.

मी राहते अमेरिकेच्या ओरेगन राज्यात, पोर्टलँडच्या पश्चिमेला हिल्सबरोत. इंटेलमुळे इथे मराठी माणसांची कमतरता नाही, आणि पावसाचीही नाही. या खेळाचा जन्म आमच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर झालाय. जीपीएसच्या नागरी सिग्नलमध्ये अमेरिकी लष्कर मुद्दाम घोळ घालत असे, त्यामुळे जागा शंभरेक मीटर इकडेतिकडे दाखवली जाई. १ मे २००० च्या मध्यरात्री तो घोळ बंद केला गेला. ३ मे रोजी डेव्ह अल्मर नावाच्या माणसाने बीव्हरक्रीक गावाजवळच्या रानात एक काळी प्लास्टिकची बादली अर्धवट पुरून ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले. आत वही-पेन्सिल, काही पुस्तकं, व्हिडिओ, सॉफ्टवेअर, थोडे पैसे, एक गलोल आणि बीन्सचा एक डबा. काहीतरी घ्या, काहीतरी ठेवा आणि वहीत लिहा, एवढाच नियम. शेजारच्या वॉशिंग्टन राज्यातल्या माइक टीग यांनी ती तीन दिवसांच्या आत शोधून काढली. आज तिथे एक फलक आहे आणि त्याच्या दर्शनाला जगभरातून लोक येतात. आता जागामालकाच्या परवानगीशिवाय जमिनीत पुरायला बंदी आहे आणि डब्यात खाण्याची वस्तूही ठेवत नाहीत, कारण अस्वलांना आणि खारींना वास येतो. तरी गंमत बघा, त्या पहिल्या बादलीतला सगळ्यात नावाजलेला ऐवज म्हणजे तो बीन्सचा डबाच. तो सापडला, जपला गेला, त्याला नंबर मिळाला, आणि आता मेळाव्यांना तो पाहुणा म्हणून हजेरी लावतो.

‘काहीतरी घ्या, काहीतरी ठेवा’ हा नियम मात्र ट्रॅकेबलला लागू नाही, आणि निम्मे घोटाळे तिथेच होतात. डब्यातल्या गोट्या, किचेन, स्टिकर, प्लास्टिकचे डायनासोर यांची अदलाबदल करायची असते. ती घेतली की तुमची. ट्रॅव्हल बग हा ट्रॅकेबलचा नेहमीचा प्रकार. तो त्याच डब्यात, त्याच गोट्यांमध्ये पडलेला असतो, दिसायलाही तसाच, पण त्याचा मालक कुठेतरी जिवंत आहे आणि त्याने तो सोडून दिलेला नाही, प्रवासाला पाठवलाय. तुम्ही उचललात तर पुढच्या डब्यापर्यंतची सोबत तेवढी तुमची. त्याच्या बदल्यात काही ठेवायची गरज नाही, आणि आपण एक बग ठेवला म्हणून दुसरा उचललाच पाहिजे असंही नाही.

बग दिसतो कसा? ॲल्युमिनियमची एक चपटी पट्टी, सैनिकांच्या गळ्यात असते तशी, गोल कडांची. तिच्यावर एका किड्याचं चित्र, त्याच्या पाठीवर बारकोडच्या रेघा, आणि खाली अक्षर-आकड्यांचा एक कोड ठसवलेला. मण्यांच्या बारीक साखळीने ती कशाला तरी अडकवलेली असते. ते ‘कशाला तरी’ म्हणजे मालकाची हौस. मी पाहिलेल्यांत बाहुलीचा एक बूट होता, पत्त्यांतली बदामची राणी होती, दारूच्या बाटलीचं बूच होतं आणि एका नवऱ्याने बायकोच्या नावाने सोडलेलं लाटणंही होतं. ते डब्यात मावेना, म्हणून कुणीतरी अर्धं कापलं होतं! विकत घेताना अशा दोन पट्ट्या मिळतात, एक प्रवासाला जाते आणि दुसरी मालकाच्या घरी राहते. त्या घरी राहिलेल्या पट्टीचं महत्त्व पुढे येईलच.

पट्टीवरचा कोड हीच बगची किल्ली. ज्याच्याकडे कोड, त्याला त्या बगच्या नावावर नोंद करता येते. उचलला की लिहायचं, ठेवला की लिहायचं. नुसता पाहिला, हाताळला आणि तिथेच ठेवला तर ‘डिस्कव्हर’ म्हणून नोंद करायची. सोबत घेऊन हिंडवला पण कुठे सोडला नाही तर ‘व्हिजिट’. एका डब्यापासून दुसऱ्या डब्यापर्यंतचं सरळ रेषेतलं अंतर त्याच्या खात्यात जमा होतं. तुम्ही डोंगराला वळसा घालून, दोनदा रस्ता चुकून, पावसात भिजून गेलात, तरी त्याच्या खात्यात कावळ्याच्या उडीएवढेच मैल पडतात.

या शिष्टाचारांबद्दल पुष्कळ वाद होतात, पण माझं मत ठाम आहे. बग कमी हलवला तरी चालेल, त्याची खबर मात्र दिली पाहिजे. मालकाला तो बूट किंवा बूच परत नको असतं, चार आण्याची तर वस्तू. त्याला हवी असते ती अधूनमधून येणारी ईमेल, की बाबा, आज तुझा बूट अमुक टेकडीवर होता, समोर धुकं होतं, माझ्या कुत्र्याने त्याचा वास घेतला. बग तीन राज्यं पालथी घालून आला आणि कुणी काहीच लिहिलं नाही, तर मालकाच्या लेखी तो त्याच जुन्या डब्यात बसून आहे. उलट एखादा बग गल्लीतून पलीकडच्या गल्लीत गेला आणि नेणाऱ्याने चार बऱ्या ओळी आणि एक फोटो टाकला, तर मालकाचा दिवस बरा जातो. ‘टीएफटीसी’ ही खेळातली ठरलेली आद्याक्षरं, कॅशबद्दल, म्हणजे लपवलेल्या डब्याबद्दल, आभार एवढाच अर्थ. बगच्या पानावर तेवढीच टाकून निघून जाणारी माणसं मला लग्नात पाकिटावर नाव न लिहिता आहेर देणाऱ्यांच्या जातीची वाटतात.

चोरीची ओरड फार होते. ट्रॅव्हल बगच्या बाबतीत तरी खरा शत्रू चोर नसतो, खण असतो. टेबलाचा खण, गाडीचा कप्पा, गेल्या थंडीतल्या जाकिटाचा आतला खिसा. सुट्टीत उचलला, घरी आणला, सोमवारी ऑफिस सुरू झालं, आणि बग बॅटरीच्या सेलांच्या आणि हॉटेलच्या साबणांच्या शेजारी जाऊन पडला. दोनेक आठवड्यांत पुढे सोडावा असा रिवाज आहे. तो काही कायदा नाही. आजारपण येतं, बर्फ पडतं, आणि २०२० साली तर अवघं जगच खणात बंद होतं. पण उशीर होणार असेल तर मालकाला एक ओळ लिहावी, ‘तुमचा बग माझ्याकडे सुखरूप आहे, पुढच्या महिन्यात ॲरिझोनाला नेते.’ एवढ्याने भागतं. मालक मंडळी सहसा समजूतदार असतात, ती चिडतात ती शांततेवर. नोंद न करता ठेवून घेणाऱ्याला तर कुणी विचारूही शकत नाही, कारण बग त्याच्याकडे आहे हेच कुणाला ठाऊक नसतं.

उचलण्याआधी स्वतःला विचारायचा प्रश्नही साधाच आहे, मी याला कुठे नेणार? उत्तर नसेल तर डिस्कव्हर करावं आणि हात झटकून मोकळं व्हावं. नवख्यांचा उत्साह मी समजू शकते, डबा उघडला की चकाकणारी पट्टी दिसते आणि हात जातोच. पण आमच्या भागात काही मोठे डबे आठवडाभर ओळखीच्याच चार मंडळींच्या हाताखालून जातात. त्यांच्यातच बग इकडून तिकडे फिरवण्यापेक्षा विमानतळाच्या वाटेवर असलेल्या कुणा प्रवाशासाठी तो राहू द्यावा.

त्यासाठीच ‘हॉटेलं’ असतात. विमानतळांजवळ, हमरस्त्यांच्या फाट्यांवर मोठे डबे ठेवलेले असतात, लष्करी गोळ्यांच्या जुन्या हिरव्या पेट्या किंवा चार बाजूंनी कड्या असलेले प्लास्टिकचे डबे. कल्पना उत्तम आहे. हा एका अर्थी बगांचा एसटी स्टँड, कुणी उतरतं, कुणी चढतं. पण काही हॉटेलमालक दारावर पाटी लावतात, जितके न्याल तितके ठेवा. झालं! एखादा परगावचा माणूस पहाटेच्या विमानाआधी वाकडी वाट करून येतो, आत जपानला जायची इच्छा असलेला बग असतो, हा गृहस्थ चाललाय ओसाकाला, आणि याच्या खिशात बदली द्यायला बग नाही. पाटी वाचून तो सज्जनपणे झाकण लावून निघून जातो. बग कोपऱ्यात पडून राहतो. अशा हॉटेलांना खेळातले लोक ‘तुरुंग’ म्हणतात आणि ते बरोबरच आहे. त्या पाट्या कितीही सुवाच्य अक्षरात असल्या तरी मी त्या मानत नाही. बग माझा नाही, तसाच तो हॉटेलवाल्याचाही नाही. डबा रिकामा दिसेल ही त्याची चिंता मला कळते, पण रिकामं हॉटेल म्हणजे गाड्या वेळेवर सुटल्या.

प्रत्येक बगला मालकाने एक उद्दिष्ट दिलेलं असतं. ते त्याच्या पानावर असतं, कधी लॅमिनेट केलेल्या चिठ्ठीवर अडकवलेलंही असतं. कुणाला सगळे दीपस्तंभ बघायचे असतात, कुणाला समुद्रापासून समुद्रापर्यंत जायचं असतं, कुणाची दुसऱ्या बगशी शर्यत लागलेली असते. शर्यतींमध्ये मला काडीचा रस नाही, पण असा बग हातात आला तर मी तो अडवूनही ठेवत नाही. उद्दिष्ट वाचून मगच उचलावा, हा तर पहिला धडा. फ्लोरिडाला जायचंय असं चिठ्ठीवर लिहिलेला बग वायव्येला वॉशिंग्टन राज्यात नेणं बरं नाही. तरीही अतिरेक नको. पश्चिमेला जायचं असलेला बग आमच्याकडे पॅसिफिकच्या काठावर येऊन थबकतो, पुढे नुसतं पाणी. तो वर्षभर त्याच ओल्या डब्यात कुजण्यापेक्षा चार मैल पूर्वेला एखाद्या वर्दळीच्या डब्यात ठेवलेला बरा. मालकाने लिहिलेला शब्द पाळावा, पण शब्दाआडची इच्छा आधी बघावी.

एका बगबाबत हा प्रश्न माझ्यापुढे आलाच. मुठीत मावेल एवढा राखाडी रबरी हत्ती, एका कानाला दातांच्या खुणा. तो जर्मनीतल्या एका कुटुंबाचा. त्या देशात हा खेळ इतका रुजलाय की डब्यांच्या संख्येत अमेरिकेच्या खालोखाल त्यांचाच नंबर लागतो. हत्तीच्या पानावर लिहिलं होतं की याला खऱ्या हत्तींच्या देशात जाऊन यायचंय आणि तिथला फोटो हवाय. मी गणपतीला पुण्याला जाणार होते, म्हणून उचलला. सामानात आधीच ओळखीपाळखीच्यांची पार्सलं, बदाम, व्हिटॅमिनच्या गोळ्या, कुणाच्या नातवाचे बूट. त्यात एका अनोळखी जर्मन पोराचा हत्ती.

आईने बॅग उपसताना तो उचलून पाहिला.

“हे गं काय? कुणाला द्यायचंय?”

“कुणाला नाही. फिरायला आलाय.”

“एकटाच?”

मग तिला सगळं सांगितलं. डबे, कोड, नोंदी, मैल. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “म्हणजे रानात पडलेला परका डबा तुम्ही आपण होऊन उघडता?” या प्रश्नाला माझ्याकडे आजही धड उत्तर नाही. बेवारस वस्तूला हात लावू नका, ही सूचना स्टेशनवर इतक्या वेळा ऐकत आम्ही वाढलो की ती पाठ आहे, आणि मुंबई-पुण्याने जे पाहिलंय त्यानंतर ती चेष्टेवारी नेण्यासारखीही नाही. हा खेळ ओरेगनमध्ये फोफावला आणि आपल्याकडे विरळ राहिला यामागे बाकी काही असो, वळचणीला ठेवलेल्या डब्याकडे बघण्याची दोन्हीकडची नजर अगदी वेगळी आहे. इथेही काही ठिकाणी डबा पाहून पोलीस आलेत, बॉम्बशोधक पथकंही आलीत. म्हणूनच डब्यावर बाहेरून ठळक अक्षरात खेळाचं नाव लिहावं, पारदर्शक डबा असेल तर उत्तम, शाळा, पूल, रेल्वेमार्ग टाळावेत, असे संकेत आहेत.

पुण्याच्या आसपास कॅश मोजक्याच आहेत. अर्थकॅश आणि व्हर्च्युअल हे प्रकार असे की त्यांना डबाच नसतो. जागेवर जायचं, एखाद्या खडकाचं निरीक्षण करून प्रश्नांची उत्तरं पाठवायची. तिथे बग ठेवणार कुठे? जो डबा नकाशावर दिसत होता, त्याच्या शेवटच्या नोंदी वाचल्या तर दोघा-तिघांनी ‘सापडला नाही’ लिहिलेलं. अशा डब्यात दुसऱ्याची वस्तू सोडायची नसते. तो सापडला जरी असता, तरी पुढचा माणूस केव्हा येईल याचा भरवसा नव्हता. बग आहे त्या जागेपेक्षा वाईट जागी ठेवायचा नाही, हा माझा स्वतःचा नियम, कुठे लिहिलेला नाही. त्यामुळे हत्ती परत न्यायचं ठरलं. डबा नसलेल्या कॅशलाही बगची ‘व्हिजिट’ नोंदवता येते, तेवढ्याने त्याचे मैल जमा झाले.

फोटोचं काय? आईने ते काम हातात घेतलं. गणपती बसले होते. तिने हत्तीला ओल्या फडक्याने पुसला आणि मखरात उंदराच्या शेजारी, मोदकाच्या ताटलीच्या अलीकडे बसवला. “एवढ्या लांबून आलाय, तर दर्शन तरी घेऊ दे.” फोटो काढताना मी पट्टी उलटी केली आणि कोड असलेली बाजू पाटावर दाबली. आईला वाटलं, किड्याचं चित्र देवासमोर बरं दिसत नाही म्हणून. तिचं तेही बरोबरच.

कोड फोटोत दिसू न देणं हा शिष्टाचार नवख्यांना कळत नाही, कारण त्यात वाईट काय ते लगेच दिसत नाही. कोड उघड झाला की जगात कुणीही, खुर्चीतून न उठता, ‘मी हा बग पाहिला’ अशी नोंद करू शकतो. असे लोक आहेत, भरपूर आहेत. कोडच्या याद्या एकमेकांना पाठवतात आणि एका संध्याकाळी शेकडो बग ‘पाहून’ टाकतात. मालकाला ईमेल येते, तो हुरळून उघडतो, आणि बघतो तर ज्याने कधी बग हातात धरला नाही असा कुणीतरी आभार मानतोय. मालक अशी नोंद काढून टाकू शकतो, पण त्याचा विरस व्हायचा तो होऊन गेलेला असतो.

याला एक सन्माननीय अपवाद आहे आणि तो थेट मंगळावर आहे. नासाच्या पर्सिव्हरन्स गाडीवर शेरलॉक नावाचं एक उपकरण आहे. ते नीट काम करतंय ना हे तपासायला गाडीवर एक छोटं फलक लावलंय, त्यावर निरनिराळ्या पदार्थांचे नमुने बसवलेत. त्यातला एक अंतराळवीराच्या शिरस्त्राणाच्या काचेसाठी वापरतात त्या पॉलिकार्बोनेटचा, आणि त्याच्यावर ट्रॅकेबलचा कोड कोरलेला. गाडी १८ फेब्रुवारी २०२१ ला जेझेरो विवरात उतरली. तिथून आलेल्या छायाचित्रात कोड शोधायचा आणि घरबसल्या ‘डिस्कव्हर’ करायचं, असं खेळाच्या चालकांनीच सांगितलं. मंगळावर जाऊन बघा म्हणायची सोय नाही ना! त्याआधी २००८ साली रिचर्ड गॅरियट या अंतराळ पर्यटकाने आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर एक कॅश नोंदवली होती. मला मंगळापेक्षा त्या कॅशचं कौतुक जास्त वाटतं, कारण तिथे तत्त्वतः कुणीतरी हाताने वस्तू ठेवू आणि उचलू शकतं.

जिओकॉइन हा ट्रॅकेबलचा श्रीमंत भाऊ. धातूचं जाड नाणं, मीनाकाम केलेलं, कोड कडेला किंवा मागे. पहिलं नाणं २००१ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या जॉन स्टॅनली यांनी काढलं, खेळातलं त्यांचं नाव माउंटनबाइक. पुढे नाण्यांचे संग्राहक निपजले, आणि जिथे संग्राहक तिथे नजर वाईट. बूट, बूच, लाटणं कुणी पळवत नाही, नाणी मात्र पळवतात. म्हणून शहाणे लोक खरं नाणं घरी ठेवतात आणि त्याचा रंगीत फोटो लॅमिनेट करून त्यावर कोड लिहून तो प्रवासाला पाठवतात. शुद्धतावाद्यांना हे आवडत नाही. मला त्यात काही गैर दिसत नाही. बग हरवल्यावर घरी ठेवलेली दुसरी पट्टी नव्या वस्तूला लावून त्याच नावाने पुन्हा पाठवतात, तेही मला मान्य आहे. मात्र मूळ बग परत सापडला तर दोन जुळे एकाच नावाने दोन खंडांत हिंडतात आणि मैलांचा हिशेब ज्योतिषालाही लागत नाही.

मुलांचं काय, हा प्रश्न मेळाव्यांत हटकून निघतो. पाच वर्षांच्या मुलाने डब्यातला बग खेळणं म्हणून उचलला तर त्याला चोर म्हणणारे लोक मी पाहिलेत. चिठ्ठी लावा ना मग! ‘मी प्रवासी आहे, मला पुढच्या डब्यात सोडा,’ एवढं लिहिलं की आईबापांना कळतं, आणि मुलांना तर आपण पोस्टमन झालोय ही कल्पना बेहद्द आवडते. माझी लेक खेळण्यांच्या अदलाबदलीत फार हिशेबी आहे, दोन गोट्या दिल्याशिवाय एक डायनासोर घेत नाही, पण बग असला की तो स्वतःच्या हाताने ठेवण्यासाठी कितीही चालते.

ठेवण्याची जागा बघून ठेवायची, यावर ओरेगनमध्ये राहणाऱ्याने जरा जास्तच बोलावं. इथे ऑक्टोबर ते मे पाऊस. डग्लस फरच्या मुळांत, नेच्यांच्या आड ठेवलेल्या डब्याच्या झाकणाची रबरी कड एकदा का सुटली, की आत चहा तयार होतो. वहीचा लगदा, डायनासोरवर बुरशी, बगच्या साखळीला गंज. शेजारच्या वॉशिंग्टन राज्यातल्या टकोमात पावसात लिहिता येईल असा कागद बनतो, इथल्या वह्या बऱ्याचदा त्याच्याच असतात, पण बग काही त्या कागदाचा नसतो. म्हणून झाकण उघडलं की आधी वास घ्यावा. कुबट असेल तर बग ठेवू नये, असलेला असेल तर बाहेर काढून कोरड्या डब्यात न्यावा, मग उद्दिष्ट काही का असेना. बोटाच्या पेराएवढ्या सूक्ष्म डब्यात बग कोंबू नये, झाकण पुरतं लागत नाही आणि दोघांचंही नुकसान होतं. डबा होता तसा, होता तिथे, होता तेवढाच झाकून ठेवावा. हे काम अंधारात, हातमोज्यांनी, डास चावत असताना नीट करणारी माणसं मला मनापासून आवडतात.

नोंदींच्या क्रमाचा एक गुंता मात्र भल्याभल्यांना चुकत नाही. मी सकाळी बग ठेवला आणि घरी जाऊन रात्री नोंद करीन म्हटलं. दुपारी दुसऱ्याने तो उचलला आणि तिथल्या तिथे फोनवर नोंदवायला गेला. यंत्रणेच्या मते बग अजून माझ्याकडे, म्हणून तो ‘दुसरीकडून घेतला’ अशी नोंद करतो आणि मधला डबा बगच्या प्रवासातून गळतो. आता तो डबा खात्यात यायचा तर बग कागदोपत्री परत माझ्याकडे घ्यायचा, डब्यात ठेवायचा, आणि त्याने पुन्हा उचलायचा. त्यामुळे घाई उचलणाऱ्याने करायची नाही, ठेवणाऱ्याने करायची. उचलणाऱ्याने एक-दोन दिवस थांबावं. आणि डब्याच्या यादीत नाव आहे पण आत बग नाही, असं दिसलं तर लगेच हरवल्याचा शिक्का मारू नये, कुणीतरी डोंगरात असेल, फोनला रेंज नसेल. कॅशच्या नोंदीत तेवढं लिहावं, पुढचं मालक बघेल.

हत्तीच्या मालकांचं उत्तर मखराचा फोटो पाठवल्यावर दुसऱ्याच दिवशी आलं. पोराने तो फोटो शाळेत नेला होता आणि वर्गात सगळ्यांना एकच प्रश्न पडला होता, मोठ्या हत्तीला हात चार का? मी जमेल तसं समजावलं. पत्राच्या शेवटी त्यांनी विचारलं होतं, हत्तीला भारतात सोडता येईल का, तो तिथून आपला आपण पुढे जाईल.

तेव्हापासून मी पुण्यातल्या मामेभावाच्या मागे लागले आहे. डबा ठेवायचा तर त्याची निगा राखणारं कुणीतरी जवळ राहणारं लागतं, सुट्टीवर आलेल्या पाहुणीने ठेवून पळ काढलेला चालत नाही, आणि जागामालकाची परवानगीही लागते. तो आधी म्हणाला, “ताई, मी नाही हं डोंगरात डबे लपवणार, पोलीस धरतील.” मग म्हणाला, सोसायटीच्या बागेत ठेवू, पण चेअरमनना काय सांगायचं ते तूच लिहून दे. लिहून दिलं. चेअरमननी सीसीटीव्हीच्या टप्प्यात ठेवायच्या अटीवर होकार दिलाय आणि आत काय काय असणार याची यादी मागितलीय. परवा त्याचा मेसेज आला, डबा स्टीलचा चालेल का, घरात कडीचा एक पडून आहे. चालेल म्हटलं, पण आधी पाणी भरून उलटा करून बघ, आणि झाकणावर मामींचं नाव कोरलेलं असेल तर त्यांना विचारून घे.